नवे गावकूस आम्ही बांधायचे नाही!

नांदेडच्या तरोड्याकडे जा, सिडको-हडकोच्या पुढे जा, किंवा लातूरच्या बार्शी रोडने आणि औसा रोडने फेरफटका मारा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत काळ्या रानाचे प्लॉट पडले आणि त्यावर वसाहती उभ्या राहिल्या. या वसाहतींत एक गोष्ट हटकून दिसते. माणूस प्लॉट घेतो आणि घराच्या आधी कंपाउंड वॉल बांधतो. घराला पैसे पुरत नाहीत, पत्र्याची एक खोली टाकून कुटुंब दिवस काढते, पण प्लॉटभोवती पाच-सहा फुटांची विटांची नाही तर सिमेंट ब्लॉकची भिंत आणि तिला लोखंडी गेट हे आधी होते. तारेच्या कुंपणावर, मेंदीच्या किंवा बाभळीच्या वईवर कोणाचे समाधान होत नाही. आरपार काही दिसणार नाही अशी सलग भिंतच हवी असते.

यात आमचे समाजबांधव मागे नाहीत. शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतले कारकून, एस. टी. तले कंडक्टर, वकील, डॉक्टर असे बौद्ध समाजातले जे लोक गाव सोडून या दोन शहरांत आले, त्यांनीही भिंती बांधल्या. गेटवर धम्मचक्र, दारावर ‘जयभीम’ किंवा ‘नमो बुद्धाय’ आणि भोवताली भिंत. आमच्या घरालाही अशी भिंत आहे. म्हणून ‘लोक भिंती का बांधतात?’ हा प्रश्न आम्ही आज दुसऱ्या कोणाला विचारत नाही. तो आम्ही स्वतःला विचारत आहोत आणि चळवळीच्या वाचकांपुढे ठेवत आहोत.

साधी कारणे आधी पाहू. मराठवाडा हा कमी पावसाचा, उघड्या माळाचा मुलूख आहे. फेब्रुवारीनंतर वावटळ सुटते, फुफाटा घरात येतो. मोकाट डुकरे, कुत्री, जनावरे अंगणात शिरतात. बाया-मुलींना अंगणात न्हाणीशी जायचे, धुणे वाळत घालायचे, उन्हाळ्यात बाहेर बाज टाकून झोपायचे, तर आडोसा लागतो. हिरवळ राखण्याइतके पाणी नाही आणि जिवंत कुंपणालाही पाणी लागतेच. भिंतीला एकदा पैसे लागतात, पाणी फक्त बांधताना लागते. जिथे जिथे कोरडा मुलूख आहे तिथे तिथे माणसाने हेच केलेले आहे. राजस्थानातली घरे पाहा, अरबांची घरे पाहा; बाहेरून बंद भिंत आणि आत उघडा चौक. अमेरिकेच्या वाळवंटी भागातल्या ॲरिझोनासारख्या राज्यात आजही नव्या वसाहतींत घरामागच्या अंगणाला सिमेंट ब्लॉकची उंच भिंत घालतात. ऊन, धूळ, शेजाऱ्याची नजर आणि पाण्याची टंचाई ही कारणे तिथलीही आहेत.

आमच्या भागातला जुना वाडा असाच होता. दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळयांचे माळवद आणि त्यावर मातीचा जाड थर, मध्ये आकाशाला उघडा चौक. चौकात चूल, चौकात न्हाणी, चौकात वाळवण. रस्त्यावरच्या माणसाला आतले काही दिसत नसे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि याच भिंती, हेच माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात साडेसात हजारांहून अधिक माणसे मेली. भूकंप ६.२ तीव्रतेचा होता; इतकी माणसे मारण्याचे काम जड भिंतींनी आणि जड छतांनी केले. ज्यांच्या डोक्यावर गवताचे किंवा पत्र्याचे हलके छप्पर होते आणि बाजूला तुराट्यांचा कुड होता, ते त्यामानाने वाचले. ज्या गरिबीची आयुष्यभर लाज वाटली, तिनेच त्या रात्री जीव वाचवला.

पुढे ५२ गावांचे पुनर्वसन नव्या जागी झाले. जागतिक बँकेच्या मदतीने आणि देशभरातल्या दानातून घरे उभी राहिली. अभियंत्यांनी सरळ रस्ते आखले, प्रत्येक घराला प्लॉट दिला, प्लॉटच्या मध्यावर घर बांधले आणि भोवती मोकळी जागा सोडली. जुन्या घरात उघडी जागा मध्ये होती आणि भिंत भोवती होती. नव्या घरात भिंत मध्ये आली आणि उघडी जागा भोवती गेली. घर जणू आतले बाहेर झाले. मग लोकांनी काय केले? जमेल तसे दगड गोळा करून, विटा आणून त्यांनी प्लॉटभोवती भिंती घातल्या आणि हरवलेला चौक परत मिळवला. भिंत बांधणारा माणूस वेडा नसतो. त्याला उघड्यावर जगायचे नसते, एवढेच त्याचे म्हणणे असते.

पण या पुनर्वसनातली दुसरी गोष्ट आमच्या वाचकांनी विसरता कामा नये. घर किती मोठे द्यायचे हे कुटुंबात माणसे किती यावर ठरले नाही. ते जमीन किती यावर ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फुटांचे घर, एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० चौरस फुटांचे आणि सात हेक्टरांच्या वरच्या शेतकऱ्याला ७५० चौरस फुटांचे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमीन मिळूच दिली नाही, त्यांच्या वाट्याला २५० चौरस फूट येणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. शासनाच्या कागदावर जात कुठेही लिहिलेली नव्हती. तरी ती फुटपट्टीने मोजून दिली गेली.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. भिंत आणि आमचा समाज यांचे नाते ऊन, वारा, धूळ एवढ्यापुरते नाही.

महाराष्ट्रातल्या गावाला गावकूस होते. गावकूस म्हणजे गावाची भिंत. भिंतीला वेस. वेशीच्या आत पांढरी, पाटील-देशमुखांची गढी, स्पृश्य बलुतेदारांची आळी. भिंतीच्या बाहेर महारवाडा, मांगवाडा. आणि या वेशीवर रात्रभर जागणारा कोण? वेसकर. तो महार. सूर्य मावळला की वेस लावायची, परका माणूस आला तर हटकायचे, चोर-दरोडेखोर आला तर पहिला घाव अंगावर घ्यायचा. सकाळी त्याच गावात घरोघर फिरून शिळी भाकर मागायची. ज्याने भिंत राखली, त्यालाच भिंतीच्या आत राहण्याची मनाई होती! जगाच्या पाठीवर इतका निर्लज्ज करार दुसरा सापडणार नाही.

बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात याच प्रश्नाचा शोध घेतला. अस्पृश्य गावाबाहेर का राहतात? त्यांचे उत्तर असे की, टोळ्यांच्या युद्धांत विखुरलेली, पराभूत माणसे स्थिरावलेल्या गावांच्या सीमेवर राखणदार म्हणून राहिली. पुढे त्या राहण्यावर अस्पृश्यतेचा शिक्का बसला. म्हणजे आधी भिंतीबाहेरची राखण आली आणि नंतर विटाळ आला. भिंत ही दगडमातीची वस्तू असली तरी ती माणसांची मांडणी करते. आत कोण, बाहेर कोण, कोणी जागायचे आणि कोणी झोपायचे हे ती ठरवते.

त्यामुळे बौद्ध माणूस नांदेडात प्लॉट घेतो आणि त्याच्या खरेदीखतात ‘चतुःसीमा’ लिहिली जाते, तेव्हा त्याचा अर्थ वेगळा असतो. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस प्लॉट नंबर इतका. आम्ही वकिली करताना ही चतुःसीमा रोज लिहितो, रोज वाचतो. खरेदी घेणारा म्हातारा बाप दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठा लावतो आणि ‘पुन्हा एकदा वाचून दाखवा’ म्हणतो, तेव्हा आम्हाला कळते की त्याच्या घराण्यात चार दिशा पहिल्यांदाच कागदावर आल्या आहेत. त्याआधी त्याच्या वाडवडिलांना एकच सीमा ठाऊक होती, आणि ती दुसऱ्याने घातलेली होती. अशा माणसाने भिंत बांधली तर तिला आम्ही हौस म्हणणार नाही. ती त्याची सनद आहे.

शिवाय या शहरांत जमिनीचे व्यवहार किती सरळ आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. गुंठेवारीतला प्लॉट बाँडवर घ्यायचा, नोटरी करायची, आणि दोन वर्षांनी कळायचे की तोच प्लॉट आणखी दोघांना विकलेला आहे. २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला, तरी कागद नसलेले हजारो लोक राहिलेच. अशा ठिकाणी कब्जा हाच पुरावा होऊन बसतो आणि कब्जा दाखवायचा तर भिंत लागते. मोकळा प्लॉट म्हणजे दुसऱ्याला आमंत्रण, असा अनुभव असल्यावर गरीब माणूस सोने मोडतो आणि भिंत घालतो.

यापेक्षाही मोठे कारण आहे, आणि ते भीतीचे आहे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना, सुगावच्या जनार्दन मवाडे यांना प्राण गमवावे लागले. त्या वेळी जळाले काय? कुड जळाले, छपरे जळाली, तुराट्या जळाल्या. जळायला काडी पुरे होती. त्या रात्री ज्वारीच्या उभ्या पिकात लपलेली मुले आज साठीच्या घरात आहेत. त्यांतले अनेक गाव सोडून नांदेडला, लातूरला, परभणीला आले, मिळेल ते काम केले आणि विटांचे घर बांधले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्याआधी नांदेडात गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले होते. आणि हे सारे जुने झाले असे कोणी म्हणू नये. १ जून २०२३ रोजी नांदेड शहराला लागून असलेल्या बोंढार हवेली गावात एका बौद्ध तरुणाची हत्या झाली. गावात भीमजयंती साजरी केल्याच्या रागातून ती झाली, असे त्याच्या कुटुंबाचे म्हणणे आहे. ज्याने हे पाहिले, ऐकले, त्याला ‘भिंत कशाला बांधता, मोकळे राहा’ असा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

एवढे मान्य करून आम्ही पुढचा प्रश्न विचारतो. भिंत खरोखर राखते का? आणि राखते तर कोणाला?

तामिळनाडूत मेट्टुपालयमजवळ नाडूर नावाची वस्ती आहे. तिथे एका श्रीमंत घरमालकाने आपल्या आवारासाठी जवळजवळ वीस फूट उंच दगडी भिंत बांधली होती. भिंतीच्या पलीकडे दलितांची छोटी घरे. ही भिंत धोक्याची आहे, अशी तक्रार आपण पूर्वीच केली होती, असे वस्तीतले लोक सांगतात. २ डिसेंबर २०१९ च्या पहाटे पावसात ती भिंत त्या घरांवर पडली आणि झोपेतली १७ माणसे मेली. त्याच वर्षी पुण्याच्या कोंढव्यात एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडून १५ जण ठार झाले आणि तीनच दिवसांनी मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळून त्याहून अधिक बळी गेले. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. भिंत आतल्यांना राखण्यासाठी बांधली होती आणि मेले ते बाहेरचे. पाणी वाहून जायला वाट नाही, पायथ्याला आधार नाही, आणि पलीकडे कोण झोपते याचा विचार नाही. गावकुसाचा न्याय सिमेंटमध्येही तोच राहतो.

त्याच तामिळनाडूतल्या मदुराई जिल्ह्यात उथापुरम गावात १९८९ साली सवर्णांनी दलित वस्तीच्या बाजूने लांबलचक भिंत घातली. वीस वर्षे ती उभी होती. ६ मे २००८ ला प्रशासनाने तिचा एक तुकडा पाडून वाट केली, तर काही सवर्ण कुटुंबे निषेध म्हणून गाव सोडून गेली. अमेरिकेत डेट्रॉईट शहरात १९४१ साली अशीच एक भिंत उभी राहिली. सहा फूट उंच आणि सुमारे अर्धा मैल लांब. पलीकडे काळ्या लोकांची वस्ती होती, म्हणून अलीकडच्या नव्या गोऱ्या वसाहतीला सरकारी हमीचे गृहकर्ज मिळत नव्हते. बिल्डरने मध्ये भिंत घातली आणि कर्जाचा मार्ग मोकळा झाला! भिंतीने तिथे ना चोर अडवला ना धूळ. तिने भाव वाढवला. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले, ते आपले आणि त्यांचे दुःख एका जातीचे आहे हे ओळखूनच.

आता हा आरसा आम्ही स्वतःकडे वळवतो.

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी घेऊन. त्या दिवसांत शहरात पाणी कुठे होते? ज्यांच्या कंपाउंडमध्ये खोल बोअर होता, त्यांच्याकडे होते. म्हणजे पाणी भिंतीच्या आत होते. आम्ही तेव्हा एका समाजबांधवाच्या घरी मुक्कामाला होतो. नोकरीतून निवृत्त झालेला, चळवळीत उभे आयुष्य घालवलेला माणूस. त्याच्या भिंतीमागे पत्र्याच्या घरांची वस्ती आहे. त्यांत आपले लोक आहेत, मातंग आहेत, पारधी आहेत, मुसलमान आहेत. पहाटे पाच वाजता गेटवर घागरी वाजल्या. तीन बाया उभ्या होत्या. घरातून आवाज आला, ‘गेट उघडू नका, आज एकीला दिले तर उद्या सगळी वस्ती येईल.’ आमचा तो मित्र बराच वेळ ओसरीवर बसून राहिला. मग म्हणाला, ‘वकीलसाहेब, चवदार तळ्याच्या काठावरच्या लोकांनीही हेच म्हटले असेल, नाही?’ त्याच दिवशी त्याने प्लंबर बोलावला आणि भिंतीला भोक पाडून बाहेरच्या बाजूने एक नळ काढला. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. वस्तीतल्या बायांनीच रांग लावली, प्रत्येकी दोन घागरी ठरल्या. भांडण एकही झाले नाही.

पण त्याच रस्त्यावर आपल्याच लोकांची आणखी सहा-सात घरे होती, आणि त्यांची गेटे बंद होती, हेही आम्ही पाहिले.

कायदा इथे भिंतवाल्याच्या बाजूने बोलतो, हे वकील म्हणून आम्हाला सांगितले पाहिजे. १८८२ चा सुखाधिकारांचा कायदा असे मानतो की, ठरावीक प्रवाहात न वाहणारे जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत उपसण्याचा जमीनमालकाला अधिकार आहे. पण भिंत जमिनीवर असते, जमिनीखाली नसते. आमच्या बोअरमध्ये येणारे पाणी वस्तीच्या हातपंपाखालून येते. मोटार चालू झाली की पलीकडचा हातपंप हवा ओढतो. मग ते पाणी आमचे कसे झाले? महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा पिण्याच्या सार्वजनिक स्रोतांना संरक्षण देतो, ते याचसाठी. हा कायदा आपल्या कार्यकर्त्यांनी वाचला पाहिजे आणि त्याची अंमलबजावणी मागितली पाहिजे. २० मार्च १९२७ ला महाडला ज्या समाजाने पाण्याचा हक्क सांगितला, त्या समाजाच्या माणसाने पाण्याला कुलूप लावले तर महाडचे नाव घेण्याचा हक्क त्याला उरत नाही.

म्हणून या प्रश्नावर आमची भूमिका आम्ही स्पष्ट मांडतो.

पहिली गोष्ट. आपल्या माणसाने आपल्या मालकीच्या जागेला भिंत घालावी. निःसंकोच घालावी. पण आधी मोजणी करून घ्यावी. भूमी अभिलेख कार्यालयात फी भरून हद्द कायम करून घेतली, तर पुढची पंधरा वर्षांची कोर्टबाजी वाचते. ग्रामपंचायत किंवा महापालिकेची परवानगी घ्यावी. पाया, खांब आणि पाणी जायला छिद्रे ठेवल्याशिवाय उंच भिंत उभी करू नये. आपल्या भिंतीखाली दुसऱ्याचे लेकरू झोपते, हे गवंड्याला सांगावे.

दुसरी गोष्ट. जी भिंत वाट अडवते, ती भिंत म्हणजे मालकी नव्हे. तो गुन्हा आहे. आमच्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. एका तालुक्यातल्या गावात बौद्ध स्मशानभूमीकडे जाणारी जुनी वहिवाट होती. रस्त्याकडेच्या जमीनमालकाने तिच्यावर भिंत घातली, गेट लावले आणि कुलूप ठोकले. एका म्हातारीचे प्रेत दोन तास गेटबाहेर ठेवून लोक उभे राहिले. अशा वेळी आपले तरुण दगड उचलतात आणि मग गुन्हे त्यांच्यावरच दाखल होतात. त्या गावाने दगड उचलला नाही. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे अर्ज केला, पंचनामा झाला, आणि वहिवाट मोकळी झाली. हा अर्ज अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, हे ध्यानात ठेवा. उशीर केला तर हक्क असून हात रिकामे राहतात. आणि अडवणूक जातीवरून असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, स्मशानभूमी, विहीर, नळ, रस्ता, पायवाट यांचा इतरांच्या बरोबरीने वापर करू न देणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला आहे. हे कलम पोलीस ठाण्यात नेऊन वाचून दाखवावे लागते, कारण तिथे अनेकदा ते कोणी वाचलेले नसते.

तिसरी गोष्ट कागदाची. २०२० पासून स्वामित्व योजनेखाली गावठाणांची ड्रोनने मोजणी झाली आणि घरांच्या मिळकत पत्रिका देण्याचे काम सुरू झाले. ड्रोन वरून भिंत पाहतो, छप्पर पाहतो आणि रेषा आखतो. पण ही योजना गावठाणाची आहे. आमच्या कितीतरी वस्त्या गावठाणाबाहेर, गायरानावर आहेत. म्हणजे एकविसाव्या शतकातला नकाशाही गावकुसाशीच येऊन थांबतो! ज्यांची घरे गावठाणात आहेत त्यांनी आपली पत्रिका तपासून घ्यावी, चुकीची हद्द असेल तर वेळेत हरकत द्यावी. ज्यांची वस्ती बाहेर आहे त्यांनी ग्रामसभेत ठराव घेऊन गावठाण विस्ताराची मागणी करावी. कार्यकर्त्यांनी मोर्चाइतकेच महत्त्व या कागदाला द्यावे. नमुना नंबर आठला नाव लागणे ही लहान गोष्ट नाही.

चौथी आणि शेवटची गोष्ट आम्हाला आमच्याच लोकांना सांगायची आहे, आणि ती गोड लागणार नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी वेदना बोलून दाखवली, ती आपण दर वर्षी भाषणात सांगतो आणि भाषण संपले की गेट लावून घेतो. नांदेड-लातूरच्या नव्या वसाहतींत आज असे विहार आहेत की ज्यांच्या भिंती सहा फुटांच्या आहेत आणि किल्ली एका पदाधिकाऱ्याच्या खिशात आहे. रविवारी दोन तास उघडतात. मागच्या वस्तीतली पोरे त्या भिंतीवर बसून आतली वंदना ऐकतात आणि त्यांना हाकलले जाते, ‘भिंत खराब होते’ म्हणून. मग हीच पोरे उद्या दुसऱ्या कोणाच्या मिरवणुकीत नाचली तर आपण त्यांना दोष देतो.

गावकूस कोणी एका दिवसात बांधले नसेल. प्रत्येकाने आपापल्या घरापुरती भिंत घातली असेल. एकाची भिंत दुसऱ्याच्या भिंतीला जोडली असेल, आणि एके दिवशी लोकांच्या लक्षात आले असेल की काही माणसे आत राहिली आहेत आणि काही बाहेर. आपल्या वसाहतींचेही तसे होऊ शकते. कंडक्टरची भिंत शिक्षकाच्या भिंतीला लागते, शिक्षकाची वकिलाच्या भिंतीला लागते आणि मागच्या वस्तीची रस्त्यावर येणारी वाट बंद होते. कोणाच्याही मनात जात नसते. तरी ती वाट बंद होते.

म्हणून आम्ही सुचवतो की प्रत्येक वसाहतीतल्या कार्यकर्त्यांनी येत्या भीमजयंतीच्या आधी एक बैठक घ्यावी. वसाहतीचा नकाशा समोर ठेवावा. मागच्या वस्तीतून रस्त्यावर यायला, दवाखान्यात जायला, प्रेत न्यायला वाट आहे का, हे पाहावे. नसेल तर आपल्याच भिंतीतून तीन फुटांची जागा सोडावी. त्यासाठी कोर्टात जायची गरज नाही. ज्यांच्याकडे बोअर आहे त्यांनी भिंतीबाहेर एक नळ काढावा. विहाराची किल्ली वस्तीतल्या एका बाईकडे द्यावी आणि तिथे संध्याकाळी अभ्यासिका चालवावी. आणि १४ एप्रिलला मिरवणूक दारावरून जाईल तेव्हा गच्चीवरून फुले टाकू नयेत. गेट उघडून खाली उतरावे आणि आपल्या भिंतीमागच्या लोकांबरोबर चालावे.

आमच्या घराच्या भिंतीला या आठवड्यात आम्ही गवंडी लावत आहोत. मागच्या बाजूला एक दार काढायचे आहे.

जयभीम.